नववा खड्डा

झाशीत जमीन खणणं म्हणजे दगडाशी हुज्जत घालणं. वर वीतभर माती, खाली खडक. त्यामुळे कागदावर मीटर-दीड मीटर खोल गेलेली केबल प्रत्यक्षात कुठं कुठं हातभरही खाली नसते. लाइनवाल्यांना हे ठाऊक असतं, खणणाऱ्यांना ठाऊक असतं, कंपनीच्या साहेबांनाही ठाऊक असतं. फक्त कागदाला ठाऊक नसतं.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी, सकाळचे दहा वाजायच्या आतच गरम वाऱ्याची लू सुटली होती. लक्ष्मी गेटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कांचन भंगाळे उकिडवी बसून खड्ड्यात बघत होती. डोक्यावरून ओढणी घट्ट बांधलेली, हातात मोजे. खड्ड्यात हल्के उभा होता. वीस वर्षं याच कामावर कुदळ मारणारा माणूस. त्यानं हातानं माती बाजूला केली आणि काळी, कुठंही न तुटलेली केबल उचलून दाखवली.

"इतै तो कछू नइयां, भौजी. तार साबुत धरो."

"नीट बघ. दोन्हीकडे हातभर आणखी."

"देख लओ. मोड़ी के ब्याह की चूड़ी जैसो चमक रओ." हल्केनं कुदळ टेकवली. "दिवाकर भैया होते तो सूंघ के बता देते."

तो वाईट बुद्धीनं बोलला नव्हता. पण 'होते तो' म्हणजे कांचनचा नवरा जणू नव्हताच.

दिवाकर होता. घरी, प्रेम नगरात, खिडकीजवळच्या पलंगावर. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला त्यात त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला: "हो." जेवायचंय का? हो. पंखा बंद करू? हो. दुखतंय? हो. डॉक्टर म्हणाले होते की त्याला कळतं बरंच, पण आतून बाहेर यायचा रस्ता तुटलाय. कांचनला तेव्हा वाटलं होतं, हे तर आपल्याच धंद्यातलं दुखणं.

दिवाकरचे वडील नारायणराव भुसावळहून रेल्वेच्या टेलिफोन खात्यात बदली होऊन इथं आले आणि इथलेच झाले. दिवाकरनं रेल्वेत चिकटावं असं त्यांना फार वाटे, पण तो काचेच्या केबलच्या, ऑप्टिकल फायबरच्या मागे लागला. त्या वेळी झाशीत ते काम येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. कांचन लग्न होऊन जळगावहून आली ती फिजिक्सची बी.एस्सी. होऊन. सासूबाईंना वाटलं, सून शाळेत लागेल. ती लागली नवऱ्याच्या हाताखाली. प्रकाश काचेतून वळतो कसा हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. दिवाकरनं ती काच तिच्या हातात दिली. केसाएवढी. तिचा हात कापत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग तो खणायचा, ओढायचा, आणि जोड मारायला तिला बसवायचा. "माझे हात रेड्याचे आहेत," असं म्हणायचा.

कंपनी आग्र्याची होती. गावातल्या व्यापाऱ्यांची ऑफिसं एकमेकांना जोडून द्यायची तिची कामं. त्यातली ही सगळ्यात मोठी लाइन. औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याचं प्रेम नगरापलीकडचं गोदाम आणि लक्ष्मी गेटाच्या आतलं ऑफिस, यांच्यामध्ये झाकणं असलेले अकरा खड्डे आणि एक केबल. दोन हजार अकरा साली दिवाकरनं ती टाकली, आणि तेव्हापासून तिची देखभाल भंगाळ्यांकडे होती. तो पडल्यावर कंपनीनं कांचनला ठेवलं ते मेहेरबानी म्हणून नाही. ही लाइन कुठून कशी गेलीय हे बाहेरच्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर, तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

केबल टाकताना प्रत्येक खड्ड्यात थोडी जास्तीची केबल वेटोळं करून ठेवतात. उद्या तुटली तर ओढून घेता यावी म्हणून. कंपनीचा नियम दहा मीटरचा. दिवाकर नियम पाळत नसे. कुठं अठरा मीटर ठेवी, कुठं पंचवीस, त्याच्या मनात येईल तसं. आणि कागदावर मात्र सगळीकडे दहा लिही. कांचननं एकदा विचारलं होतं. तो हसून म्हणाला होता, "आई परकराच्या शिवणीत माया ठेवायची, ते काय शिंप्याला सांगून?" मग जरा थांबून म्हणाला, "सगळं कागदावर दिलं ना कांचन, की उद्या कुणीही येऊन काम करेल. मग मला कशाला बोलावतील?"

शहाणपण होतं ते. सगळं डोक्यात ठेवलं आणि एका सकाळी डोकंच बंद झालं.

लाइन तुटली होती शुक्रवारी संध्याकाळी. तुटीचं अंतर सांगणारं यंत्र असतं. एका टोकानं काचेत प्रकाश सोडायचा, तो तुटीवरून मागे फिरतो, आणि किती वेळात फिरला यावरून यंत्र मीटर सांगतं. पण ते केबलचे मीटर असतात, रस्त्याचे नव्हेत. वेटोळ्यात पडून असलेली केबलही त्यात मोजली जाते. पहिले चार खड्डे कांचननं तीन वर्षांत उघडून पाहिले होते, म्हणून ती सकाळी सहालाच चौथ्या खड्ड्यातला जोड उघडून बसली आणि तिथून प्रकाश सोडला. चारशे दहा मीटर. वाटेत पाचवा आणि सहावा खड्डा. दोन्हींची झाकणं दोन वर्षांपूर्वीच्या नव्या काँक्रीट रस्त्याखाली गेलेली. ती फोडायची तर परवानगीलाच आठवडा. तिनं कागदाप्रमाणे दोन्हींचे दहा-दहा वजा केले, फितीनं रस्ता मोजला, तीनशे नव्वदवर हल्केला उभं केलं. तीन तास खणल्यावर तिथं साबूत केबल निघाली.

फोन वाजला. कंपनीचे इंजिनिअर पटैरियाजी.

"मॅडम, क्या पोजीशन है?"

"मिल जाएगा, पटैरियाजी."

"मिल जाएगा तो आप सात बजे से बोल रही हैं. पार्टी के चालीस आदमी हाथ पे हाथ धरे बैठे हैं." ते जरा थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "देखिए, मैं आपकी इज्जत करता हूँ. पर इस साल ये तीसरी बार है. ग्वालियर वाली टीम को मैंने फोन कर दिया है, पाँच बजे तक पहुँच जाएँगे. उससे पहले लाइन चालू हो गई तो ठीक. नहीं तो फिर काम उन्हीं का."

कांचननं फोन ठेवला. हल्के तिच्याकडे न बघता तंबाखू मळत होता.

"इथून कुठवर जायचं, एवढंच कळलं तरी पुरे," ती स्वतःशीच बोलली. मागे, हे नक्की, कारण दिवाकर दहाहून जास्तच ठेवी आणि तेवढे मीटर आणखी वजा व्हायचे. पण किती मागे? वीस मीटर की शंभर? त्या दगडात शंभर मीटर खणायला हल्केला चार दिवस लागले असते. तिनं स्कूटी काढली.

घरात बकुळ बाबांना पेज भरवत होती. विसाव्या वर्षी घरातलं सगळ्यात शहाणं माणूस तीच असावं अशी तिची चाल होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण बोलताना ती हिंदीतच बोले.

"आई, इतनी जल्दी? लाइन मिल गई?"

पलंगाच्या कडेवर बसून कांचननं नवऱ्याचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"अहो, ऐका. पाचवा खड्डा. पिठाच्या गिरणीसमोरचा. त्यात किती ठेवली होती? दहा?"

"हो," दिवाकर म्हणाला.

"वीस?"

"हो."

"पन्नास?"

"हो."

"दोनशे?" तिचा आवाज चढला. "दोनशे मीटर ठेवली होती का हो त्या खड्ड्यात? की किलोमीटरभर ठेवली? एक कागद लिहिला असता तर काय तुमचं राज्य जाणार होतं? आता बसा. जातंय ते काम. बसा हो-हो करत."

"आई, बाबा से ऐसे मत बोलो."

"तू मध्ये पडू नकोस."

दिवाकरच्या डोळ्यांतून पाणी आलं. झटका आल्यापासून ते कशानंही यायचं, त्यामुळे त्याचा अर्थही लावता येत नसे. त्याचा डावा हात पायजम्याच्या नाडीकडे गेला. तो ती बोटांवर गुंडाळायला लागला. दिवसभर तो हेच करायचा; नाडी, चादरीची दशी, सलाइन लावलं होतं तेव्हा त्याची नळीसुद्धा. मनगट वळवत वळवत, एकावर एक. नर्स म्हणाली होती, अशी चाळवाचाळव करतात हे पेशंट.

कांचन त्या हाताकडे बघत राहिली. नाडी सहा वेढ्यांत संपली. दिवाकरनं शेवटचा वेढा अंगठ्याखाली दाबला.

खड्ड्यात केबलचं वेटोळं पूर्ण झालं की तो अगदी तस्साच अंगठा दाबायचा.

ती उठली. कपाटावरच्या पेटीतून तिनं फायबरची जुनी पिवळी कॉर्ड काढली, बारा मीटरची, आणि तिचं टोक त्याच्या बोटांत दिलं. आधी तिला माहीत असलेलं विचारायचं होतं.

"दुसरा खड्डा," ती म्हणाली. आता आवाज हळू होता. "रेल्वे पुलाखालचा. पावसात टाकली होती. तुम्ही मला छत्री धरायला लावली होती."

दिवाकर तिच्याकडे बघत होता. हात हलला नाही. बकुळ भांडं हातात धरून दारात थांबली. मग मनगट वळलं. एक. दोन. तो घाई करत नव्हता. बारा वेढे झाले आणि अंगठा दाबला गेला.

खरा वेढा दीड मीटरचा. बारा वेढे म्हणजे अठरा. दुसऱ्या खड्ड्यात अठराच निघाली होती. कांचननं स्वतः मोजली होती.

तिनं कॉर्ड सोडवून पुन्हा त्याच्या हातात दिली.

"पाचवा. गिरणीसमोरचा. गिरणीवाल्यानं आपल्याला चहा दिला होता, त्यात पीठ पडलं होतं."

दिवाकरच्या तोंडाची डावी बाजू किंचित हलली. मग हात सुरू झाला, आणि थांबेचना. दहा, वीस, तीस. कांचन ओठ न हलवता मोजत होती. चाळीसवर अंगठा दाबला गेला. साठ मीटर.

"सहावा. पानाच्या टपरीमागचा."

वीस. तीस मीटर.

चारशे दहातून नव्वद गेले. तीनशे वीस. म्हणजे ती खणत होती तिथून सत्तर मीटर मागे. ती दारापर्यंत गेली, परत आली, त्याच्या कपाळावर तळवा टेकवला आणि निघाली.

तीनशे वीसवर फीत संपली तिथं एका धर्मशाळेची मोकळी जागा होती आणि रस्त्याची कच्ची कड. खणल्याची एकही खूण नाही. सकाळी ती इथूनच चारदा गेली होती. हल्के कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग खाली वाकला आणि मातीतल्या एका गोल भोकावर बोट ठेवलं, रुपयाएवढ्या.

"तंबू को खूंटा," तो म्हणाला. "कल इतै बरात हती, भौजी. डीजे सुनो नइयां तुमने?"

मांडववाल्यानं तंबूचा लोखंडी खुंट ठोकला होता आणि लग्न उरकल्यावर उपटून नेला होता. खाली हातभर अंतरावर केबल. खुंट तिच्या बरोबर मधून गेलेला. कुणाचा दोषही म्हणता आला नसता. दीड मीटर खोल केबल असती तर खुंट कुठला पोचायला.

दीड वाजला होता. मधला चिरडलेला तुकडा कापून नवा घालायचा म्हणजे दोन ठिकाणी जोड, प्रत्येकी बारा काचा. हल्केनं दोन बांबू रोवून चादर बांधली, कारण लूमध्ये धुळीचा एक कण पडला तरी जोड वाया. कांचन आत बसली. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, टोक सरळ छाटायचं, यंत्रात ठेवायचं. क्षणभर ठिणगी, आणि दोन काचांची एक होते. छाटलेली टोकं ती चिकटपट्टीवर चिकटवत होती, एकेक मोजून. ती दिसत नाहीत, पण कातडीत शिरली की निघत नाहीत. दिवाकरच्या टाचेत एक अजून आहे. बकुळ रांगत होती तेव्हापासून कांचननं तिला या सामानाजवळ येऊ दिलं नव्हतं. घरी जोड मारला तर आधी दोनदा फरशी पुसायची, मग पोरीला खोलीत घ्यायची. माझी मुलगी हे काम करणार नाही, हे तिनं देवासमोर नाही पण त्या चिकटपट्टीसमोर कितीदा म्हटलं असेल.

सतराव्या जोडाला घाम डोळ्यांत उतरला. विसाव्याला यंत्रानं जोड नाकारला, पुन्हा केला. पाचला बारा मिनिटं कमी असताना गोदामातून फोन आला की लाइन चालू झाली.

पटैरियाजी स्वतः आले. पाठीमागच्या जीपमध्ये ग्वाल्हेरची तीन मुलं बसून होती, स्वच्छ टीशर्ट घातलेली. पटैरियाजींनी खड्डा बघितला, फीत बघितली.

"कागज के हिसाब से तो ये सत्तर मीटर आगे होना था."

"हाँ."

"मतलब कागज गलत है." ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. "मॅडम, मुझे पूरी लाइन का सही नक्शा चाहिए. हर गड्ढे का लूप. सोमवार तक. ऊपर वाले कहते हैं, नक्शा नहीं तो आगे काम नहीं."

"और नक्शा दे दिया तो?"

पटैरियाजींनी जीपकडे बघितलं आणि पुन्हा तिच्याकडे. "वो फिर मेरे हाथ में नहीं है."

रविवारी दुपारी पलंगाशेजारी स्टूल ओढून कांचननं नकाशा काढायला घेतला. न देऊन तर काम जाणारच होतं. देऊन कदाचित राहील. बकुळ कॉर्ड सोडवून बाबांच्या हातात देत होती आणि कांचन आठवणी सांगत होती, कारण नुसता आकडा सांगितला तर हात हलत नसे. सातवा, जिथं गाय खड्ड्यात पडली होती. अठरा वेढे. आठवा, जिथं हल्केचं मुकादमाशी भांडण झालं होतं. दहा. ती कागदावर मीटर लिहीत होती.

"नववा. लक्ष्मी गेटाच्या आत, वळणावरचा."

दिवाकरनं कागदाकडे बघितलं. पेनाकडे बघितलं. मग मुठीत कॉर्ड घट्ट धरली आणि मूठ मांडीखाली सारली.

"अहो, नववा."

"हो," दिवाकर म्हणाला, आणि मूठ काढली नाही.

"बाबा थक गए हैं," बकुळ म्हणाली.

"थकले नाहीत." कांचननं त्या मांडीखालच्या हाताकडे बघितलं. काल ती त्याला काय काय बोलली होती ते तिला आठवत होतं. मग तिनं नवव्या खड्ड्यासमोर दहा लिहिलं, जसं त्यानं लिहिलं असतं, आणि दहाव्याकडे गेली. दहावा आणि अकरावा त्यानं मुकाट्यानं सांगितला.

सोमवारी पटैरियाजींनी नकाशा दोन्ही हातांनी घेतला. चांगला काढलाय म्हणाले. चहा मागवला. चहा येईपर्यंत ते टेबलावरची सुई-टाचणी नीट लावत राहिले, आणि मग म्हणाले की पहिल्या तारखेपासून काम ग्वाल्हेरवाल्यांकडे, वरून मेल आलीय, शनिवारीच आली होती. "मैंने कहा था उनसे कि बहनजी का हाथ सोने का है," ते म्हणाले. "सच कहा था."

कांचननं चहा घेतला. न घेता उठणं बरं दिसलं नसतं.

घरी येऊन तिनं चपला काढल्या, दिवाकरला पाणी पाजलं, बकुळला सांगितलं. बकुळनं नुसतं कॉलेजचं दप्तर उचलून खुंटीला लावलं. फीची तारीख पंधरा होती हे दोघींनाही पाठ होतं. दवाखान्याची तारीख त्याच्या आधीची.

दिवाकर दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं उशीखाली हात घातला. पिवळी कॉर्ड तिथं होती. कधी नेऊन ठेवली कुणास ठाऊक. त्यानं टोक बोटांत धरलं आणि कांचनकडे बघितलं. आज समोर कागद नव्हता.

मनगट वळायला लागलं.

"बकुळ, इकडं ये," कांचन म्हणाली. "बस इथं. मोज."

"मैं?"

"तूच. मी पण मोजते. एकाच डोक्यात राहायला नको."

बकुळ फरशीवर बसली. आई या तारेजवळ आपल्याला बसवतेय हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं एकदा वर बघितलं. मग मोजू लागली, हलक्या आवाजात, हिंदीत. तीस. चालीस. दिवाकरच्या पंज्यावर पिवळा गुंडा जाड होत चालला, बोटं लाल झाली, तरी तो थांबला नाही. पचास. कॉर्ड जवळजवळ संपत आली तेव्हा चोपन्नवर अंगठा दाबला गेला.

"इक्यासी मीटर," बकुळ म्हणाली. हिशेबात ती आईपेक्षा जलद होती. मग तिचा चेहरा बदलला. "आई, कागज पर दस है. नौवें के आगे कहीं टूटी तो वो लोग इकहत्तर मीटर गलत खोदेंगे. पूरा बाज़ार है वहाँ."

"हं."

"फिर तुम्हें बुलाएँगे."

"बोलावतील."

बकुळनं बाबांच्या बोटांवरून कॉर्ड हळूच सोडवायला घेतली.

"और टूटी ही नहीं तो?"

कांचननं खिडकीतून बाहेर बघितलं. गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी दारात मांडववाल्याचा ट्रक उभा होता आणि दोन माणसं लोखंडी खुंट उतरवून एकेक जमिनीवर टाकत होती.

"या गावातली लग्नं बंद झाली तर नाही तुटणार," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या लाल झालेल्या बोटांना तेल लावायला उठली.